तुम्ही विचारलंत म्हणून : बेटावरच्या विमानांचं पेट्रोल

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या ज्या बेटासाठी अमेरिका आणि जपान झुंजले, त्या ग्वादलकनालचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : धावपट्टी अमेरिकनांच्या हाती आली, विमानंही उतरली, मग घोडं अडत कुठे होतं?

पिंपात. २० ऑगस्ट १९४२ रोजी हेंडरसन फील्डवर, म्हणजे त्याच धावपट्टीवर, १९ वाइल्डकॅट लढाऊ विमानं आणि १२ डॉन्टलेस बॉम्बफेकी विमानं उतरली. पाच दिवस आधी तिथे ४०० पिंपं पेट्रोल पोहोचलं होतं. भरपूर वाटतं ना? एका पिंपात ५५ गॅलन, म्हणजे २०८ लिटर. वाइल्डकॅटच्या टाक्या १४४ गॅलनच्या. १९ विमानं एकदा भरायला ५० पिंपं लागतात. म्हणजे नुसत्या लढाऊ विमानांच्या आठ भरण्यांत सगळा साठा संपला.

बंदर नव्हतं, धक्का नव्हता. जहाज किनाऱ्यापासून दूर उभं राहायचं आणि माल होडक्यांतून वाळूवर यायचा. भरलेलं पिंप साधारण १७० किलोचं. ते ढकलत न्यायचं, मग हातपंपाने विमानात भरायचं. सुरुवातीला बॉम्बही हातांनीच उचलून लावावे लागत.

आणि खरा शत्रू पाणी. उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री निवतं, आणि निवताना बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून पिंप आडवं ठेवावं, दोन्ही बुचं एका पातळीत आणि पेट्रोलाखाली बुडालेली. पंप लावण्याआधी ते स्थिर राहू द्यावं, तळाचं दोन बोटं पेट्रोल सोडून द्यावं. नरसाळ्यावर शॅमॉय हे मऊ कातडं ताणायचं, तेही आधी पेट्रोलात भिजवून : पेट्रोल झिरपतं, पाण्याचे थेंब वर मण्यांसारखे थरथरत राहतात. गाळणं कंटाळवाणं काम आहे, पण उड्डाण करतानाच इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला वाव उरत नाही.

विमानाने आणायचं तर एस्पिरितू सांतो बेटावरच्या अमेरिकी तळाहून येणारं एक आर-४डी मालवाहू विमान साधारण ३००० पौंड वाहायचं. म्हणजे जेमतेम आठ पिंपं, तीन वाइल्डकॅटपुरती. १३-१४ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी तळ भाजून काढला, पेट्रोल जवळपास सगळं गेलं. मग मोडक्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या टाक्या उपसल्या, इकडेतिकडे दडवलेली पिंपं शोधली. दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, पेट्रोलचा तराफा घेऊन निघालेली मेरेडिथ ही अमेरिकी विनाशिका बुडाली. त्याच महिन्यात अँबरजॅक या अमेरिकी पाणबुडीने शेजारच्या तुलागी बेटाला ९००० गॅलन आणलं. पाणबुडीतून पेट्रोल नेणं म्हणजे केवढी जोखीम! त्या खलाशांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

पेट्रोल असूनही अडायचंच. डॉन्टलेसची शेपटीची चाकं टणक रबराची, विमानवाहू जहाजाच्या डेकसाठी केलेली. ओल्या धावपट्टीत ती नांगरासारखी रुतायची. पी-४०० या अमेरिकी लढाऊ विमानांची ऑक्सिजन व्यवस्था ब्रिटिश पद्धतीची, उच्च दाबाच्या बाटल्यांवर चालणारी. त्या बाटल्या बेटावर नव्हत्या. त्यामुळे उंचावरून येणाऱ्या जपानी बॉम्बफेकी विमानांपर्यंत ती चढू शकत नव्हती, आणि त्यांना खालून पायदळाच्या मदतीला लावावं लागलं.