नेपल्सच्या पोरांसाठी फ्रेंच अनुवादक शोधताना

नेपल्सच्या गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांवरचा माहितीपट. त्याच्या फ्रेंच सबटायटल्सचं काम नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या आमच्या स्टुडिओकडे आलं. भाषेची माणसं आम्ही बाहेरून घेतो. इंग्रजीतून फ्रेंच करणारे पुण्या-मुंबईत मिळतात. इटालियनमधून थेट फ्रेंच, त्यातही पोरांची टपोरी भाषा, हे इथे कुणाकडेच नव्हतं.

इटलीतली अनुवादकांची संघटना एआयटीआय 1950 ची, फ्रान्समधली एसएफटी 1947 ची. दोघींच्या यादीत भाषांची जोडी टाकली की नावं येतात, पण विषय म्हणून दिसतात ते कायदा, वैद्यक, अर्थव्यवहार. शेवटी पुण्यातल्या माझ्या फ्रेंचच्या मॅडमना फोन केला. "कागदपत्रं करणारे कशाला शोधतोस? सिनेमावाल्यांकडे जा," त्या म्हणाल्या. अगदी खरं होतं. एटीएए ही सबटायटल्स आणि डबिंगचे संवाद लिहिणाऱ्यांची फ्रेंच संघटना 2006 पासून आहे. तोंडी भाषा हेच या लोकांचं रोजचं काम.

मातृभाषा फ्रेंच असलेलेच निवडले आणि सगळ्यांना एकच क्लिप पाठवली, नमुन्याचे पैसे देऊन. नमुना फुकट मागणं मला पटत नाही. त्या क्लिपमध्ये पोरं एकमेकांना शिव्या देतात आणि म्हातारा प्रशिक्षक त्यांना झापतो. सबटायटलच्या दोन ओळी, ओळीत साधारण चाळीसेक अक्षरं. तेवढ्यात राग आणि लाड दोन्ही यायला हवेत. एकाने सगळं इतकं स्वच्छ केलं की पोरं शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलताहेत असं वाटावं. दुसऱ्याने प्रशिक्षकाच्या तोंडीसुद्धा वेरलाँ घातली. शब्द उलटा फिरवून बोलायची ही फ्रेंच तऱ्हा ('फाम'चं 'मफ') पोरांना शोभते, सत्तरीच्या माणसाला नाही.

जिला काम दिलं तिने नमुन्यासोबत स्पष्ट लिहिलं होतं: रोमची बोली मला येते, नेपल्सची अर्धीच कळते. याच वाक्याने माझा विश्वास बसला. नापोलितानो, म्हणजे नेपल्सची ही बोली, मिलानच्या माणसालाही धड कळत नाही. ती येते असं सहज सांगणाऱ्यांना मी आधी दोन प्रश्न विचारतो. तिच्या जोडीला नेपल्समध्येच वाढलेला एक तरुण घेतला. तो अर्थ, सूर आणि कोण कुणाला काय म्हणू शकतो ते सांगायचा, ती फ्रेंच लिहायची.

मग माहितीपट दाखवणाऱ्या वाहिनीच्या लोकांना पोरांशी ऑनलाइन बोलायचं होतं. दुभाष्याचं काम निराळं, थांबून विचार करायला वेळच नाही. म्हणून दुभाष्याला क्लिप्स आणि शब्दांची यादी आधीच दिली. शिव्या जशाच्या तशा सांगायच्या, सौम्य करायच्या नाहीत, हेही दोन्ही बाजूंशी ठरवून घेतलं. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे बैठका नाशिकच्या रात्री आठनंतर. आता अशा कामाच्या कोटेशनमध्ये बोलीच्या जाणकाराचे पैसे मी वेगळी ओळ करून लिहितो, आणि ती ओळ कापायला तयार होत नाही.