सरकत्या नळीतला स्वच्छ सूर

माझ्या लहानपणी वेंगुर्ल्यात वरातीपुढच्या बँडमध्ये एक ट्रॉम्बोनवाला असे. त्याची पितळी नळी पुढे सरकली की आम्ही मुले मागे सरत असू, आणि गाणे थांबले की तो नळीच्या टोकाची कळ दाबून आत साचलेले पाणी तांबड्या मातीत सोडी. या वाद्यावर सुरांसाठी बोटांच्या कळा नसतात. नळीच्या सात जागा अदमासानेच गाठाव्या लागतात, त्यामुळे जलद वादनात सूर एकमेकांत घसरण्याचा धोका कायम असतो.

हे समजल्यावरच अमेरिकेतल्या इंडियानापोलिस येथे १९२४ साली जन्मलेल्या जॅझ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन यांची थोरवी माझ्या ध्यानात आली. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी सॅक्सोफोन व ट्रम्पेटवर रुजवलेला बीबॉप या जलद जॅझशैलीचा वेग त्यांनी ट्रॉम्बोनवर इतक्या स्वच्छपणे आणला, की ते सरकत्या नळीऐवजी कळांचा ट्रॉम्बोन वाजवीत असावेत, अशी शंका काही श्रोत्यांना आली.

अशा कलावंतालाही १९५० च्या दशकाच्या आरंभी पोटासाठी आराखडे तपासण्याची नोकरी करावी लागली, हे मनाला फार लागते. १९५४ मध्ये दुसरे ट्रॉम्बोनवादक काई विंडिंग यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. १९७० मध्ये ते कॅलिफोर्नियात जाऊन चित्रपट व दूरचित्रवाणीच्या संगीताकडे वळले आणि पुढे ऐंशीच्या दशकात मैफलींत परतले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मला मात्र त्यांच्या वेगापेक्षा संथ रचनांतला, फारसा न थरथरणारा तो सरळ सूरच अधिक प्रिय आहे. पावसाळ्यात बंद खिडकीपलीकडे समुद्राची गाज चालू असताना मी तोच ऐकत बसतो.