फुजीसान चढणं सोपं, हटचं बुकिंग अवघड – माझा अनुभव

फुजी चढताना दम लागला त्यापेक्षा जास्त मला त्या हटच्या, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या साध्या लॉजच्या, बुकिंग फॉर्मने दमवलं, अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहितेय. टोक्योत नवीन आलेल्या आपल्या मंडळींना उपयोग होईल.

2025 पासून चारही वाटांवर 4000 येन फी आहे आणि दुपारी 2 ते पहाटे 3 गेट बंद असतं, वर मुक्कामाचं बुकिंग असेल तरच त्या वेळात सोडतात. आधी लोक रात्री निघायचे, न झोपता सूर्योदयाला माथा गाठायचे आणि थंडीने, विरळ हवेने आजारी पडायचे, त्यामुळे नियम मला पटतो. पण मग सूर्योदय बघायचा तर सगळं त्या हटवरच येऊन अडतं.

आम्हाला हवी होती त्या हटचा फॉर्म फक्त जपानीत. नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, तेही पूर्ण रुंदीच्या अक्षरांत, साधी स्पेस पडली तरी लाल एरर. त्यात रेसिडेन्स कार्डवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी लांबलचक ओळ, रकाना मध्येच संपतो. एरर काय, तर 'माहिती बरोबर नाही'. अहो पण कुठली? तेवढ्यात पान टाइमआउट, परत तारीख निवडा, माणसं निवडा, जेवण निवडा, आणि तोवर शनिवारच्या चौकोनातल्या गोलाचा त्रिकोण झालेला, म्हणजे थोड्याच जागा, आणि नाव टाकून होईपर्यंत तिथे फुली!! फोन करावा तर सीझनआधी वर कोणी नसतं, खालचं ऑफिस कायम एंगेज, लागला तर म्हणतात नेटवरूनच करा. रडायला यायचं बाकी होतं.

शेवटी ऑफिसातल्या एका जपानी ताईंनी सोडवलं, म्हणाल्या मधलं नाव गाळ, नुसतं आडनाव आणि नाव घाल, आणि शनिवारचा हट्ट सोड. मंगळवार धरला, कन्फर्मेशनचा मेल आला तेव्हा मी खरंच उड्या मारल्या. तुम्हीही बुकिंग वसंतात उघडतं तेव्हाच करा आणि नाव आधी नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवा.

गंमत म्हणजे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, मुक्कामाच्या सोयीचं हे काम ओशी करायचे. पायथ्याच्या योशिदा गावात त्यांची घरं होती, फुजीचे भक्त गटागटाने यायचे, त्यांची उतरायची, जेवायची, पूजेची सोय तेच बघायचे, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींसारखं. मला त्या यात्रेकरूंचा फार हेवा वाटला. अर्थात बायकांना तेव्हा माथ्यावर बंदीच होती, ती 1872 मध्ये उठली, त्यामुळे माझा नंबर लागलाच नसता.

चढाईचं काय सांगू, योशिदा वाटेने बस साधारण 2300 मीटरपर्यंत नेते, माथा 3776, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. पायाखाली लालकाळी, भोकाभोकांची खडी. आहे बसाल्टच, आपल्या सह्याद्रीसारखा, पण सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि फुजी जेमतेम लाखभर वर्षांचा, आताचा शंकू तर सुमारे 10 हजार वर्षांचा. शेवटचा उद्रेक 1707 चा, मोठ्या भूकंपानंतर 49 दिवसांनी डोंगराची आग्नेय कूस फुटली, सुमारे 100 किलोमीटरवरच्या एदोत, म्हणजे आताच्या टोक्योत, राख पडली आणि भर दिवसा दिवे लावावे लागले. हटच्या बाकावर बसून खाली टोक्योच्या बाजूचे दिवे बघताना हे आठवलं आणि अंगावर काटा आला. हा जिवंत ज्वालामुखी आहे, विसरू नका.

शाकाहारी असाल तर दशम्या, चिवडा न्या, हटच्या करीत बहुतेक मांस असतं. 100 येनची नाणी भरपूर ठेवा, वर टॉयलेटला दर वेळी 200-300 येन लागतात. आणि उतरताना आठव्या टप्प्यावर पाट्या नीट बघा, पिवळी योशिदाची, लाल सुबाशिरी या दुसऱ्या वाटेची, थकलेले लोक तिथेच चुकतात आणि भलत्याच जिल्ह्यात उतरतात, तिथून आपली परतीची बस मिळत नाही.