चेचीला फसवणं सोपं नाही

मिरजेत मला सगळे सिस्टर म्हणायचे. "ओ सिस्टर, सलाईन संपत आलंय बघा," अशी हाक दिवसातून पन्नास वेळा यायची आणि पाय आपोआप तिकडे वळायचे. इंग्लंडमध्ये लीड्सला आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे सिस्टर हा हुद्दा आहे. गडद निळ्या गणवेशातली, अख्खा वॉर्ड सांभाळणारी अनुभवी बाई म्हणजे सिस्टर. बाकीच्या आम्ही नुसत्या नर्स. म्हातारे पेशंट 'लव्ह' म्हणून हाक मारतात, त्यात माया असते. पण ती जुनी हाक गेली आणि तिच्यासोबत आठ वर्षांची आयसीयूची नोकरीही कुणीतरी काढून घेतली असं मला वाटायला लागलं.

इथे परदेशातून आलेल्या नर्सला ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. दहा स्टेशनं असतात. कुठे खोटा पेशंट असतो, कुठे पुतळा, कुठे फक्त लिहायचं. पास होईपर्यंत बँड चारचा, म्हणजे खालच्या श्रेणीचा पगार, आणि पास होऊन नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा पिन नंबर हातात पडला की बँड पाच. माझी पहिल्या खेपेला दोन स्टेशनं राहिली. दुसऱ्या खेपेला निघाली, पिन आला, आईने गावात पेढे वाटले. मी मात्र तो पिन चुकून आपल्या नावावर आलाय असं धरून चालले होते. आज ना उद्या कुणीतरी फाईल उघडेल आणि म्हणेल, अहो, ही कोण?

त्या दिवसांत मी औषधाच्या डोसचं गणित तीनतीनदा करायचे. दोनदा करणं नियमाचं असतं, तिसरं भीतीचं. साडेसातला हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं, सुरू झाला की न कळलेला शब्द विचारायचा नाही, वहीत तसाच टिपून घ्यायचा आणि नंतर स्टोअररूममध्ये मोबाईलवर शोधायचा. यॉर्कशरची माणसं 'समथिंग'ला 'समट' म्हणतात, हे मला असंच औषधांच्या कपाटाआड उभं राहून कळलं. ड्यूटी संपली तरी पाऊण तास थांबून सगळ्या नोंदी पुन्हा वाचायचे. लोक म्हणायचे, किती मन लावून काम करते. ते ऐकलं की आणखीच कसंतरी व्हायचं, कारण मला वाटायचं, यांनाही मी फसवलं.

याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात हे नंतर वाचलं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७८ साली त्यावर पहिल्यांदा लिहिलं. दीडशेहून अधिक कर्तबगार बायकांशी बोलून त्यांना हे दिसलं होतं. त्यांनी शब्द वापरला होता 'फिनॉमिनन', म्हणजे अनुभव. 'सिंड्रोम' हे नाव लोकांनी मागाहून चिकटवलं. नर्स म्हणून मला हा फरक फार मोलाचा वाटतो, सिंड्रोम म्हटलं की माणूस लगेच पेशंट होतो.

मराठीत मला यासाठी एकच शब्द सुचतो, तोतया. १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एकजण मीच भाऊ म्हणून उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पण त्या माणसाला आतून पक्कं ठाऊक असणार की आपण भाऊ नव्हे. माझ्याकडे पदवी होती, अनुभव होता, पिन होता, सगळं खरं होतं, आणि तरी रोज सकाळी गणवेश चढवताना वेश घेतल्यासारखं वाटायचं.

सगळ्यात जास्त भीती फोनची होती. पेशंट बिघडला की डॉक्टरांना कसं सांगायचं याची इथे ठरलेली रीत आहे, एसबार. आत्ता काय चाललंय, मागची हकीगत काय, मला तपासून काय दिसलं आणि मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. पहिल्या तीन पायऱ्या मला जमायच्या. चौथीवर आवाज बसायचा. आपल्याकडे आम्ही म्हणायचो, "सर, जरा बघून जाता का?" पुढचं सर ठरवणार. इथे नर्सने म्हणायचं असतं की तुम्ही अर्ध्या तासात या, तोवर मी रक्त पाठवते. मी कोण डॉक्टरला वेळ सांगणारी?

घरात आम्ही चौघी राहायचो. सगळ्यात मोठी केरळची, तिला आम्ही सगळ्या चेची म्हणायचो, म्हणजे त्यांच्याकडची ताई. दुसरी फिलिपिन्सची. तिच्याकडे ताईला आते म्हणतात, मला ते पहिल्या दिवसापासून आत्यासारखं ऐकू आलं आणि तसंच राहिलं. तिसरी आमच्यातली लहान, रात्रपाळीची, क्वचित भेटायची.

आतेने एक उपाय काढला. ती वरच्या खोलीत जायची, मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे आणि तिला फोन लावायचे. ती दमलेला, घाईतला डॉक्टर व्हायची. मी सगळं सांगितलं की ती म्हणायची, "बरं, मग मी काय करू?" पहिल्या दिवशी मी गप्प झाले. तीही गप्प. फोन चालू, जिन्यावरून तिच्या पंख्याची घरघर ऐकू येतेय, आणि ती फोन ठेवत नाहीये. अर्धं मिनिट तरी गेलं असेल. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही येऊन बघा." वरून तिचा आवाज फोनमधून आणि जिन्यावरून एकदमच आला, "कधी?" असं महिनाभर चाललं. बारा तासांची ड्यूटी करून आलेली बाई माझ्यासाठी रोज डॉक्टर व्हायची.

मग नोव्हेंबरातली ती रात्र. कोपऱ्यातल्या बेडवर सत्तरीचे आजोबा, पित्ताशयाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. मशीनवर नाडी, बीपी, ऑक्सिजन दिसतं, पण श्वास डोळ्यांनीच मोजावे लागतात. मिरजेच्या आमच्या ट्यूटर सांगायच्या की नाडी धरल्यासारखं मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवा. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. आणि पूर्ण मिनिट मोजा, अर्ध्याची दुप्पट करू नका. मी मोजले, सव्वीस. आधीच्या नोंदीत अठरा होते. पुन्हा मोजले, सव्वीसच. आजोबा म्हणाले, "मी ठीक आहे, लव्ह." त्यांचे ओठ कोरडे होते आणि बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं.

पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजायला इथे सगळीकडे न्यूज टू नावाचा तक्ता वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. पंचवीस किंवा त्याहून जास्त श्वासांना तीन गुण. ऑक्सिजन ९४, एक. नाडी १०४, एक. ताप ३८.३ सेल्सिअस, आणखी एक. एकूण सहा. पाच किंवा त्याहून जास्त झालं की डॉक्टरांना तातडीने कळवायचं. मी फोन लावला. चारही पायऱ्या बोलले. पलीकडून खरोखर तोच प्रश्न आला, "मग तुम्हाला काय हवंय?" मी म्हणाले, "अर्ध्या तासात या. मला सेप्सिसची शंका आहे. मी रक्त काढतेय." सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं. डॉक्टर वीस मिनिटांत आले. तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. चार दिवसांनी आजोबा चालत बाथरूमला जाताना दिसले.

वॉर्डच्या सिस्टरने सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आणि माझ्या मनात काय आलं? की नशीब. त्या वेळी नेमकी मी तिथे होते म्हणून. दुसरी कुणी असती तर हे आणखी तासभर आधी ओळखलं असतं.

त्या रविवारी स्वयंपाकघरात मी हे चेचीला सांगितलं. कर्कगेट मार्केटमधून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या ती निवडत बसली होती. ती आमच्याच वॉर्डात. तिने हात थांबवला आणि म्हणाली, "तू म्हणतेस सगळ्यांना फसवलंस. मलासुद्धा?"

मी काही बोलले नाही.

"मी तुला ऑस्कीत नापास होताना पाहिलंय. उशीवर इंजेक्शनचा सराव करताना पाहिलंय. तू एकदा चुकीच्या बेडचा कागद हातात घेतलास आणि स्वतःच ओळखून परत ठेवलास, तेही पाहिलंय. तुझं काय चुकतं ते मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत आहे. आणि मी सांगते, माझा बाप इथे ॲडमिट असता तर मी तुलाच त्याच्या बेडशी उभी केली असती. मला फसवणं तुला इतकं सोपं वाटतं का?"

मी खूप रडले त्या दिवशी. आजवरची शाबासकी मी मागे लोटत आले होते, कारण देणाऱ्याला माझी आतली बाजू दिसत नाही असं मला वाटायचं. चेचीने तर आतलीच बाजू पाहिली होती.

रात्री मिरजेच्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही एकाच बॅचच्या, ती आता पुण्यात असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पूर विसरलीस?" ऑगस्ट २०१९. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही दोघी तेव्हा सांगलीत एकाच हॉस्पिटलला होतो. तळमजल्यावरचे पेशंट चादरीत घालून वर नेले, आणि लाईट गेली तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या एका मुलाला मी अँब्यू बॅगने हवा देत बसले होते. मला त्यातला फक्त हाताला आलेला पेटका आठवत होता. मैत्रीण म्हणाली, "मी तुझ्याशेजारी टॉर्च धरून उभी होते गं. तू मोठ्याने आकडे मोजत होतीस आणि तुझा आवाज एकदाही हलला नाही."

भीती गेली असं मी म्हणणार नाही. नव्या वॉर्डात पाय ठेवला की येते. पण आता न कळलेला शब्द मी हँडओव्हरमध्येच विचारते, आणि डोसचं गणित दोनदा करून थांबते.

गेल्या महिन्यात चेचीने मला बँड सहाच्या जागेचा अर्ज भरायला बसवलं. म्हणजे ज्युनियर सिस्टरची जागा. कामाची माहिती मी आपल्या सवयीने लिहिली होती, आम्ही पेशंट सांभाळले, आम्ही नवीन मुलींना शिकवलं, आम्ही डॉक्टरांना कळवलं. ती लाल पेन घेऊन बसली आणि विचारत गेली, हे कुणी केलं? मी. मग मी लिही. अकरा ठिकाणी 'आम्ही' खोडून 'मी' लिहिलं. बाराव्या ठिकाणी, जिन्यावरच्या फोनच्या सरावाबद्दल लिहिलं होतं तिथे, मीच पेन हातात घेतला. ती म्हणाली, "थांब, इथे आम्हीच राहू दे."