अर्धवट उकललेली पद्मिनी

वर्षानुवर्षं बंद पडलेली गाडी परवडते, पण दुसऱ्या कुणी अर्धी उकलून सोडून दिलेली गाडी गॅरेजात आली की आम्ही आधी हात मागे घेतो. ही १९७८ची प्रीमियर पद्मिनी तसलीच. टोचन करून आणली तेव्हा बॉडी जागेवर होती, इंजिन जागेवर होतं, पण त्याचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नव्हतं. ते आणि बाकीचं सामान खताच्या पोत्यांत भरून मागच्या सीटवर टाकलेलं. आधीच्या गॅरेजात काम मध्येच थांबलं, मग गाडी दुधाळीतल्या एका शेडमध्ये गेली आणि २०१९च्या महापुरात चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिली.

मालकांनी बिलांची फाईल पुढं केली. "सगळं नवं टाकलंय मेस्त्री. पिस्टन नवे, बेअरिंग नवी. नुसतं हेड बसवा आणि चालू करून दावा."

"काका, एकदा चेंबर खोलून बघतो, मग बोलू."

"नवं हाय म्हटल्यावर कशाला उकलायचं?"

सगळ्यांचा प्रश्न हाच असतो. पण नवा माल आणि बरोबर बसवलेला माल यात फरक आहे. कुठला बोल्ट टाईट केलाय आणि कुठला हातानं नुसता टेकवून ठेवलाय, हे वरून दिसत नाही.

पहिलं काम पोती ओतायचं. ताडपत्री पसरायची, सामान ढिगानं वेगळं करायचं: इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, बॉडी. काय आहे यापेक्षा काय नाही याची यादी महत्त्वाची. इथं कार्ब्युरेटरचा लिंकेज रॉड नव्हता, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प नव्हता, आणि एका डब्यात अँबॅसॅडरचे नट मिसळलेले. पद्मिनीचे आटे मिलिमीटरचे, अँबॅसॅडरचे इंचाचे. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंचाचा नट ८ मिलिमीटरच्या बोल्टवर दोन-तीन आटे छान फिरतो, मग अडतो. तिथं पाना लावून ओढला की आटे गेले. म्हणून अशा कामात प्रत्येक नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघायचा. अडला तर बाजूला.

इंजिन फिरत नव्हतं. पुराचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं, पण हेड नसलेल्या ब्लॉकवर नुसतं प्लास्टिक बांधलेलं आणि कोल्हापूरचा पावसाळा, म्हणजे दमट हवेनंच काम केलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये रिंगांच्या रेषेवर गंजाचं कडं धरलेलं. अशा वेळी वरून हातोडा घातला तर नवा पिस्टन जातो. चारी सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं ओतून मुरू दिलं, वरचा गंज बारीक एमरीनं काढला आणि फ्लायव्हीलच्या दातात पट्टी अडकवून क्रँक पुढं-मागं हलवला. एकाच बाजूला रेटायचं नाही. जरासा हलला की परत मागं, परत पुढं. सुटला.

मग इंजिन चेनपुलीनं बाहेर काढून उलटं केलं, चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, खोललं. रॉडचे नट हातानं सुटले. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्रच बोअर होतात, म्हणून दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो आणि बसवताना ते नंबर एकाच बाजूला यावे लागतात. इथं दोनच्या रॉडला तीनची कॅप होती आणि तीनला दोनची. ज्यानं एवढं बघितलं नाही, त्यानं माप तरी बघितलं असेल का, म्हणून बेअरिंगच्या पाठीवरचा शिक्का वाचला: ०.०१०. दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश भाग, तेवढ्याच ग्राइंड केलेल्या पिनसाठीचं. क्रँकपिनला, म्हणजे रॉड जिथं बसतो त्या क्रँकच्या भागाला, मायक्रोमीटर लावला तर पिन वीस थाऊ ग्राइंड केलेली.

म्हणजे नेहमीच्या दीड-दोन थाऊच्या फटीवर आणखी दहा थाऊ, पाव मिलिमीटर जास्त. इंजिन चालू झालं असतं, ऑईलचा दिवा विझला नसता आणि थोड्या वेळात बिगेंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक, ठोकू लागलं असतं. नवा ग्राइंड केलेला क्रँक, नवे पिस्टन, सगळं परत मशीनशॉपला.

उत्तर त्याच फाईलमध्ये होतं. बेअरिंगचं बिल आधीच्या तारखेचं, क्रँक ग्राइंडिंगचं नंतरचं, आणि त्यावर स्वच्छ लिहिलेलं: पिन २०, मेन १०. दहावर पिन साफ झाली नसणार, ग्राइंडरवाल्यानं वीसवर नेली, आणि आधीच आणलेलं बेअरिंग तसंच बसवलं गेलं. मेनचे, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ते, तिन्ही बेअरिंग मापात निघाले. माझं मत विचाराल तर क्रँक ग्राइंड होऊन हातात येईपर्यंत बेअरिंग आणूच नये, दुकानदार कितीही म्हणो की माल संपेल.

कॅपा आपापल्या रॉडला लावल्या, टॉर्क दिला आणि बोअरगेजनं गोलाई बघितली. रॉड वाचले. शेतीपंपाच्या ऑईल इंजिनांवर वाढलेलं उद्यमनगर जवळ असल्याचा हा फायदा. माप, होनिंग, स्लीव्ह, सगळं एका गल्लीत होतं. बोअर ६८ मिलिमीटरचा, स्ट्रोक ७५चा, इंजिन १०८९ सीसीचं. यात अवघड काही नाही, फक्त मोजायचा कंटाळा नको.

ब्रेकचं सगळं पुरानं खाल्लेलं. ड्रम लायनिंगला गंजून चिकटले होते. ड्रमच्या कडेवर ठोकलं तर बीड फुटतं. आधी अॅडजस्टर सैल करायचा, मग स्टडांच्या मधल्या जागेवर हलके ठोके. आत व्हील सिलिंडरला खड्डे. नुसतं रबरकिट बदलून भागत नाही, खड्ड्यावरून ते रबर पुन्हा कापलं जातं. स्लीव्ह मारून घेतले. होजपाइप बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलायचेच, कारण ते आतून फुगतात. तेल दाबानं जातं, परत येत नाही, आणि चाक धरून बसतं. धुवायला पेट्रोल नाही, स्पिरिट. ब्रेकच्या रबराला पेट्रोल चालत नाही. डिफरन्शियलचा प्लग काढला तर तेल दुधासारखं पांढरं. पाणी गेलेलं. बेअरिंगवर गंज चढला होता, ती बदलली.

टाकी ३८ लिटरची, आत जुन्या पेट्रोलचा डिंक. वासावरूनच कळलं. खाली उतरवून, आत साखळी टाकून हलवली, धुतली, फॉस्फोरिक अॅसिडनं गंज काढला. तेच अॅसिड कार्ब्युरेटरला लावू नका. त्याची बॉडी मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची असते, खाऊन टाकतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडतात. नळ्या आणि पेट्रोलपंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारेच घातले.

डेंटरचं काम सगळ्यात जास्त चाललं. या गाडीला वेगळी चॅसी नाही, फ्लोअर आणि दाराखालची सिल हाच सांगाडा. सिलला लोहचुंबक लावला तर डावीकडे वीतभर चिकटलाच नाही. पत्रा नव्हता, नुसती लांबी (पुट्टी) होती. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड केला. तो न घालता कापली की गाडी मधून बसते आणि पुढं दार कधीच नीट लागत नाही.

चालू करताना प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, स्टार्टर थोडा थोडा मारला. ऑईलचा दिवा विझल्यावरच प्लग बसवले. सिलिंडर पेटायचा क्रम, म्हणजे फायरिंग, १-३-४-२. दिवा परत लागला नाही.

काकांना व्हिंटेज गाड्यांची व्हीए नंबरप्लेट हवी होती. पण व्हिंटेजची नोंद पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाल्यावर होते, ही गाडी २०२८च्या आधी त्यात बसत नाही. शिवाय व्हीएची गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तेल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रंकाळ्याला चक्कर मारायची तर आरसी रिन्यू करणंच बरं. ते काम चालू आहे.

राहिलंय ते मागच्या काचेचं रबर. बाजारातलं नवं रबर कोपऱ्यात तोकडं पडतं, सीलंटशिवाय पाणी धरत नाही. मिरगाच्या आत बसलं नाही तर गाडी शेडबाहेर काढायची नाही, असं काकांना सांगितलंय.