आधी चालवली, मग कापली: माझी कॅफे रेसर

जुन्या मोटरसायकलची कॅफे रेसर, म्हणजे वेगासाठी हलकी केलेली, पुढे वाकून चालवायची गाडी, करायला घेतली की पहिला ग्राइंडर शेपटीवर चालवायचा, असा एक अलिखित रिवाज आहे. मागची चेसिस उडवली, एअर फिल्टरचा डबा फेकला, सायलेन्सरच्या पाइपला पट्टी गुंडाळली की फोटोपुरती गाडी तयार. मला ते करायचं नव्हतं. आधी इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन धडधाकट करून गाडी मूळ रूपातच चालवायची, आणि मग एकेका भागाला विचारायचं, बाबा रे, तू इथे काय करतोस?

कारण हे रूप मुळात कामातूनच आलंय. १९५०-६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेपाशी जमणाऱ्या पोरांना ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटरचा वेग गाठायचा होता. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून अंग टाकीवर झोपवायचं, त्यासाठी हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे. सीटचा कुबडही जोरात पिळल्यावर बूड मागे घसरू नये म्हणून. ट्रायटन नावाची जोडगाडी जन्मली तीही अशीच: नॉर्टनची फेदरबेड चेसिस वळणात पक्की, ट्रायम्फचं ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन जोमदार, मग एकाची चेसिस आणि दुसऱ्याचं इंजिन. देखणेपण मागून आलं.

माझी गाडी म्हणजे जुनी एअर-कूल्ड ट्विन, दोन सीव्ही कार्ब, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे कार्ब्युरेटर, असलेली. सगळ्यात मोठा वाद झाला तो एअर फिल्टरच्या डब्यावरून. सीटखालचा त्रिकोण रिकामा, आरपार दिसला पाहिजे, ही कॅफे रेसरवाल्यांची जवळजवळ श्रद्धा आहे, आणि तो दिसतोही झकास. पण सीव्ही कार्बात आपण अॅक्सिलरेटर पिळतो तेव्हा फक्त फुलपाखरू, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप, उघडतं. कार्बमधला वरचा पिस्टन उचलला जातो तो पातळ रबरी पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकामुळे. पडद्याखालच्या कप्प्याला हवा मिळते ती कार्बच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून. डबा तिथली हवा शांत ठेवतो. त्याच्या जागी छोटे सुटे फिल्टर लावले की हवा खळबळते, कधी फिल्टरच्या रबराची कडा ते भोकच झाकते, आणि नेमकी मधल्या आरपीएमवर गाडी अडखळते. पेट्रोल सोडणारे मोठे जेट कार्बात टाकून वरचा टप्पा सुधारतो, मधला हट्टीच राहतो. मी फिल्टर उसने आणून लावून पाहिले. तोंडाशी बोट नेऊन पिस्टन वर ढकलला तर अलगद खाली येत होता, म्हणजे पडदा शाबूत होता. गाडी मात्र मध्येच दम टाकत होती. डबा परत बसवला, त्रिकोण भरलेला राहिला. मित्र अजून नाक मुरडतात.

शेपूट कापताना मात्र रूपाची बाजू मीच घेतली. टाकीची खालची कडा आणि सीट एका सरळ रेषेत हवी, यावर तडजोड नव्हती. फक्त कापण्याआधी शॉकअपच्या स्प्रिंगा काढल्या, नुसते दांडे परत बसवले आणि मागचं चाक जॅकने पार वर, रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत उचललं. टायर कुठवर येतो ते तेव्हाच कळतं. स्टँडवर उभ्या गाडीकडे बघून नाही. पहिल्या आराखड्यात चेसिसची कापलेली टोकं जोडणारा गोल पाइप टायरपासून जेमतेम बोटभर अंतरावर येत होता, आणि त्याच्या पोटातून टेललाइटची वायर जाणार होती. म्हणून पाइपला वरच्या बाजूला बाक दिला, मगच वेल्डिंग केलं. शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या पुढे कुठेही करवत लावली नाही. तिथून चाकाचा सगळा मार चेसिसमध्ये जातो.

हँडलला वेळ गेला. क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांना थेट आवळायचे दोन सुटे हँडल-दांडे) वरच्या टीखाली, म्हणजे त्या नळ्या जोडणाऱ्या पट्टीखाली, लावले की गाडी कमालीची चवताळलेली दिसते. पण वेग असला तरच छातीवरचा वारा अंगाचा भार उचलतो. गर्दीत तो सगळा मनगटांवर येतो. शिवाय पूर्ण वळवलं की अंगठा हँडल आणि टाकीमध्ये चिमटतो. हे हातमोजे घालूनच तपासावं, उघड्या हाताला जागा पुरल्यासारखी वाटते. इंजिन सुरू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकाला फिरवलं तर आरपीएम आपोआप चढत होता, म्हणजे अॅक्सिलरेटरची केबल ओढली जात होती. शेवटी क्लिप-ऑन टीच्या वर आले आणि केबलची वाट बदलली. दिसण्यात थोडा मार बसला, चालेल.

रिअरसेटचं, म्हणजे मागे सरकवलेल्या फुटरेस्टचं, कुणी फारसं बोलत नाही. फुटरेस्ट मागे नेले की गिअर लिव्हर उलट्या बाजूला येतो आणि क्रम उलटा होतो. गिअरच्या शाफ्टवरचा आर्म खाली फिरवला की सरळ होतो. ब्रेकचं तसं नाही. नवा पेडल आखूड असेल तर तरफेचा जोर घटतो, आणि मागचा ड्रम ब्रेक पाय दाबून दाबून थकला तरी धरत नाही. मी जुन्या पेडलचं प्रमाण मोजून घेतलं आणि नव्यात ब्रेकच्या रॉडचं भोक, पेडल जिच्यावर फिरतो त्या खुंटीच्या तितकं जवळ पाडून घेतलं.

पाइपची पट्टी नाही: ओल धरून साधं लोखंड गंजवते. जाड ठोकळ्यांची जुन्या नक्षीची टायरं नाहीत, ओल्या रस्त्यावर भरवसा हवा. हेडलाइट ७ इंचीच. कुबडात लहान लिथियम बॅटरी बसवली, पण त्याआधी चार्जिंग मोजलं. आरपीएम वाढवला की व्होल्टमीटर १५ च्या वर जात होता, म्हणून रेग्युलेटर बदलला. १४.६ च्या वर असल्या बॅटरीला सोसत नाही.

मागचं मडगार्ड मात्र नावापुरतं आहे. पावसात पाठीवर चिखलाची उभी रेघ उठते आणि याचं कामाच्या बाजूने माझ्याकडे काहीही समर्थन नाही. पाहिजे होतं, लावलं.

रंग सगळ्यात शेवटी. नुसत्या लोखंडावर भरपूर चालवली, वेल्डिंगच्या जोडांवर चीर गेलीय का ते भिंग लावून पाहिलं, नट पुन्हा आवळले, मगच गाडी परत पूर्ण सुटी केली.