‘हॅरी’ बोगदा, प्रमाण १:३५ : उखडलेले गवत आणि पुढचे काम

दुसऱ्या महायुद्धात झागानच्या ‘स्टालाग लुफ्त ३’ या जर्मन युद्धबंदी छावणीतून पळून जाण्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या वैमानिक कैद्यांनी खणलेल्या ‘हॅरी’ बोगद्याच्या उभ्या छेदाचे प्रतिरूप निम्म्यावर आले आहे. मात्र या महिन्यातला बराचसा वेळ ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) हा त्याच पलायनावरचा चित्रपट प्रमाण मानून आधी केलेले भाग उखडण्यात गेला.

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागली. चित्रपटातील पलायन भर उन्हाळ्यात घडल्यासारखे दिसते, म्हणून मी हिरवे गवत लावले होते. प्रत्यक्षात २४ मार्च १९४४ च्या त्या रात्री तेथे बर्फ पडलेला होता आणि बाहेरच्या तोंडावरच्या फळ्या गोठून बसल्यामुळे त्या काढण्यातच मोलाचा वेळ गेला. गवत खरवडून तेथे संगमरवराची भुकटी पांढऱ्या गोंदात बसवली आहे (खाण्याचा सोडा पुढे पिवळा पडतो, हे मागच्या कामात शिकलो). त्याखाली करड्या मातीचा पातळ थर आणि मग पिवळी वाळू आहे. या रंगभेदामुळेच उपसलेली वाळू विजारीतल्या पिशव्यांतून लपवून पसरावी लागे, आणि ते मात्र चित्रपटाने नेमके दाखवले आहे.

बोगदा सुमारे ९ मीटर खोल, १०० मीटरहून थोडा लांब आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद-उंच होता. म्हणजे माझ्या प्रमाणात खोली २६ सेंटिमीटर आणि रुंदी अवघी १७ मिलिमीटर. लांबी जवळजवळ ३ मीटर होत असल्याने १०४ क्रमांकाच्या बराकीतील शेगडीखालचे तोंड आणि पहिला टप्पा एवढेच घेतले आहे. भिंतींचे अस्तर खाटांच्या फळ्यांचे असल्याने आइस्क्रीमच्या काड्या चिरून वापरल्या, तर दुधाच्या भुकटीचे डबे जोडून केलेली हवेची नळी ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम नळीतून साधली.

अमेरिकी वैमानिकाची आकृती काढून टाकली, कारण अमेरिकी कैद्यांना पलायनाच्या कितीतरी महिने आधी वेगळ्या विभागात हलवले होते. मोटारसायकलचा संच तर उघडलाच नाही. चित्रपटातील मोटारसायकलवरचा पाठलाग संपूर्ण काल्पनिक आहे, आणि पडद्यावरची ‘जर्मन’ गाडीही खरे तर ब्रिटिश ट्रायम्फ होती.

तळपट्टीवरचा मजकूरही बदलला. निसटलेल्या ७६ पैकी ७३ पकडले गेले आणि त्यांतील ५० जणांना ठार करण्यात आले. पण चित्रपटात दाखवल्याप्रमाणे एकाच माळावर एकत्र नव्हे, तर वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकट्याला किंवा लहान गटांत.

आता शेगडीची सरकती फरशी आणि बोगद्यातील विजेचे दिवे राहिले आहेत.